कॉलेजातून मोठ्या संघात: आधी कोपरा बघा, मग आकडा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, विद्यापीठाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा खेळतो, म्हणजे बचावाच्या रांगेत उजव्या टोकाला उभा राहून चढाईपटूचा पाय धरतो. मुंबईतल्या एका कंपनीचा संघ त्याला वर्षाच्या करारावर घ्यायला तयार आहे. त्यातच प्रो कबड्डीच्या एका संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलंय. आणि मामांचं म्हणणं, हे सगळं सोडून पोलीस भरतीची तयारी कर. शेवटची परीक्षा अजून व्हायचीय. नेमकं काय धरावं?

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. परीक्षा द्यायचीच. कंपनीचा करार घ्यायचा. चाचणीलाही जायचं. पण चाचणीत निवड झाली म्हणून त्याच दिवशी सही करायची नाही. सहीआधी एकच गोष्ट शोधून काढायची: त्या संघात उजव्या कोपऱ्यात सध्या कोण उभा राहतो, आणि त्याच्या मागे कोण बसलाय.

गावात चर्चा आकड्यांची होते. अमक्याला इतके लाख, तमक्याला कोटी. ते आकडे खरे असतात, त्यात वाद नाही. प्रो कबड्डीच्या अलीकडच्या लिलावांत सर्वात वरच्या गटाची मूळ बोली ३० लाख आणि सर्वात खालच्या गटाची ९ लाख राहिली आहे. एका संघाच्या हातात लिलावासाठी ५ कोटी. ९ लाख म्हटलं की आपल्याकडे घराचा स्लॅब डोळ्यांपुढे येतो, हे मला माहीत आहे. पण आता जागांचा हिशेब करू. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा संघ आठ होते, २०१७ पासून बारा आहेत. प्रत्येक संघात १८ ते २५ खेळाडू, मॅटवर उतरतात सात. उजवा कोपरा त्या सातांतला एक. म्हणजे अख्ख्या देशात, हरियाणापासून तमिळनाडूपर्यंत, पहिल्या सातातल्या उजव्या कोपऱ्याच्या जागा बारा. त्यातल्या बऱ्याच जागांवर अनेक हंगाम खेळलेली माणसं उभी आहेत.

एक गोष्ट मात्र तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. इराणी खेळाडूंनी लीगमध्ये मुसंडी मारली ती डाव्या कोपऱ्यात. फझल अत्राचली डावा कोपरा, मोहम्मदरेझा शादलू डावा कोपरा, आणि शादलूची बोली तर दोन कोटींच्या वर गेलेली. उजव्या बाजूला तेवढी दाटी नाही. आणि आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला शुभम शिंदे हा उजवा कोपराच. २०२४ च्या हंगामात तो पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेव्हा कोकणातल्या कोपऱ्याला कोण विचारतो, असं मनात आणू नका. विचारतात. फक्त बसून राहायला विचारताहेत की खेळवायला, एवढं बघा.

लीगमध्ये शिरायला लिलाव हा एकच दरवाजा नाही, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. नव्या तरुण खेळाडूंना संघ चाचण्या घेऊन थेट करारात घेतात. तुमच्या मुलाला बोलावणं आलंय ते बहुधा याच वाटेने. ही वाट चांगली आहे, मुलगा शिबिरात जातो, उत्तम प्रशिक्षक मिळतो, व्यायामाची शिस्त लागते. पण अशा खेळाडूला संघ पुढच्या हंगामांसाठीही आपल्याकडे ठेवू शकतो. खेळायला मिळालं तर फारच छान. नाही मिळालं तर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, जेव्हा कोपऱ्याचे हात आणि डोळे एकत्र यायला लागतात, तेव्हा मुलगा ट्रॅकसूट घालून बाकावर टाळ्या वाजवतो. दुसऱ्या संघात जागा रिकामी असली तरी जाता येत नाही. म्हणून विचारायचं: करार किती हंगामांचा? मधे सोडायचा झाला तर कोण सोडू शकतो, फक्त संघ की खेळाडूसुद्धा?

दुसरं, लीग हा वर्षातला एक तुकडा आहे. २०२५ चा हंगाम २९ ऑगस्टला सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबरला संपला. त्याआधीचं शिबिर धरलं तरी वर्षाचे कितीतरी महिने उरतात. तेव्हा मुलगा कुठे खेळणार? (जाता जाता: त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. म्हणजे घरात आरत्या चाललेल्या असताना पोरं सामन्यांसाठी विशाखापट्टणमला. कोकणातल्या मुलाला हे जड जातं, आणि आईला त्याहून जड जातं. आत्ताच घरात बोलून ठेवा.) तर त्या उरलेल्या महिन्यांसाठी कंपनीचा संघ हवा. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत मुंबई, ठाणे, रायगडपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत व्यावसायिक गटाच्या, म्हणजे कंपन्यांच्या संघांच्या, स्पर्धा चालतात. तिथे त्याला रात्रीमागून रात्री मोठ्या चढाईपटूंसमोर उभं राहायला मिळेल. कोपरा हा उभं राहूनच घडतो, बाकावर बसून नाही.

कंपनीच्या कराराबद्दल भाबडेपणा नको. पूर्वी बँका, बंदर, गिरण्या, तेल कंपन्या खेळाडूला कायम नोकरी देत. लालबाग, नायगाव, प्रभादेवीच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. आता बहुतेक ठिकाणी वर्षाचं मानधन, आणि वर्ष संपलं की पुन्हा बोलणी. तेव्हा हा करार म्हणजे नोकरी नव्हे, हे मुलाला आणि मामांना दोघांनाही स्पष्ट सांगा. त्यातून मिळतं ते सामने, मॅटवरचा सराव आणि चार जाणत्या माणसांची नजर.

आता मामांचा मुद्दा. मामा चुकीचं बोलत नाहीत, फक्त क्रम चुकवताहेत. खेळ सोडून भरतीची तयारी कशाला करायची? खेळावरच भरती आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि पोलीस भरतीतही त्या जागा असतात. अट एवढीच की क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून झालेली पाहिजे. आणि ती अर्जाची जाहिरात आल्यावर धावाधाव करून होत नाही. स्पर्धेचा संघ, निकालपत्रक, संघटनेचं पत्र, सगळं जुळावं लागतं. ज्या महिन्यात प्रमाणपत्र हातात पडतं त्याच महिन्यात ते पडताळणीला टाका. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं पदक भिंतीवर लावतात आणि प्रमाणपत्र आईच्या साडीच्या कपाटात विसरतात.

रेल्वेचं गणित यापेक्षा कडक आहे आणि तेच मला इथे जास्त महत्त्वाचं वाटतं. रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीत वयाची मर्यादा १८ ते २५, आणि त्यात कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. वेतनस्तर ४ आणि ५ च्या जागांना पदवी लागते, २ आणि ३ ला बारावी पुरते. म्हणून म्हटलं की परीक्षा द्यायचीच. एका वर्षाच्या घाईपायी टी.वाय. अर्धवट राहिलं की हा फरक जन्मभर पगारात दिसतो. निवडीचे गुण शंभर: त्यातले ५० तुमच्या कामगिरीला, ४० मैदानावरच्या चाचणीला, १० शिक्षणाला. चाचणीच्या ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर पुढचं कुणी बघतच नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. रेल्वे तुमची कुठलीही जुनी कामगिरी धरत नाही. चालू आर्थिक वर्ष आणि त्याआधीची दोन, एवढ्यातलीच धरते. म्हणजे कागद शिळा होतो. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनात येणं ही कामगिरी आज भरतीसाठी चालते. तोच मुलगा लीगच्या बाकावर तीन हंगाम बसला आणि मधे राज्याकडून, विद्यापीठाकडून कुठेच खेळला नाही, तर चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात टीव्हीवर दिसल्याचे फोटो असतील आणि भरतीसाठी लागणारा एकही ताजा कागद नसेल. लीगचा हंगाम भरतीच्या निकषांत राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी बसत नाही. कुठलाही करार करताना हे विचारा: राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय आणि विद्यापीठ स्पर्धेसाठी मुलाला सोडणार का? तोंडी ‘हो हो, सोडतो की’ नको. कागदावर हवं.

जिल्ह्याचं नाव कुठे राहणार, हाही त्याच पोटातला प्रश्न. राज्य अजिंक्यपद जिल्हावार खेळलं जातं आणि राज्याचा संघ तिथूनच निवडतात. मुंबईच्या संघाकडून खेळायचं म्हणून नोंदणीही तिकडे नेली, तर शहर आणि उपनगरातल्या कोपऱ्यांच्या रांगेत तो शेवटी उभा राहील. रत्नागिरीकडून जिल्हा संघात त्याची जागा आज जवळपास पक्की असेल. नोंदणी हलवायची तर जिल्हा संघटनेचा ना हरकत दाखला लागतो आणि परत यायचं म्हटलं तरी तीच यातायात. माझ्या मते दोन वर्षं तरी नाव जिल्ह्यातच ठेवावं. कंपनीला हे चालेल का, ते आधी विचारा. चालणार नसेल तर मुलाच्या राज्य निवडीचं काय, हाही प्रश्न त्यांनाच विचारा.

मॅटबद्दल थोडं लांबून सांगावं लागेल, कारण आपली पोरं इथेच मार खातात. तुमचा मुलगा वाढला लाल मातीवर. भातकापणी झाली की खळ्याशेजारी मैदान लागतं, पाणी मारून दाबलेली माती, अनवाणी पाय, रात्री प्रकाशझोत. मातीवर टाच रुतते आणि अंगावर ओढ आली की पाय थोडा घसरतो. तो घसरणारा पायच गुडघ्याला वाचवतो. मॅटवर पायात बूट असतात. बूट मॅटला घट्ट धरतो, चढाईपटू जिवाच्या आकांताने मधल्या रेषेकडे फिरतो, आणि घोटा धरून बसलेल्या कोपऱ्याचा पाय जागेवर राहून वरचं अंग फिरतं. गुडघ्यातलं लिगामेंट जातं ते असं. शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा पूर्ण जोमाने खेळायला साधारण नऊ महिने धरायचे. त्यापेक्षा लवकर उतरणारे पुन्हा तिथेच येऊन पडतात.

सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घ्या. घाटावरचा, चंदगडकडचा चढाईपटू. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात असा खेळला की पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. आणि त्यानंतरच्या, म्हणजे आठव्या हंगामात, सुरुवातीच्या काही सामन्यांतच दुखापत होऊन तो बाहेर बसला. त्याच्यासारख्या ताकदीच्या गड्याचं हे होतं. तेव्हा करारात दुखापतीचं कलम कुठे आहे ते आधी शोधा. शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार एवढ्यावर थांबू नका. हंगाम संपल्यानंतरच्या फिजिओथेरपीचं काय? ठरलेली रक्कम दुखापत झाल्यावरही पूर्ण मिळणार, की खेळलेल्या सामन्यांपुरतीच? ‘वैद्यकीय मदत दिली जाईल’ हे वाक्य मी अनेक कागदांवर वाचलंय. त्यातून नक्की कोण काय देणार ते काहीच कळत नाही.

पैशांचं आणखी थोडं. मिळालेल्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापून येतो. वर्षाचं उत्पन्न करमाफीच्या मर्यादेत असेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. पॅन कार्ड काढा, बँक खातं मुलाच्या नावावर असू द्या, चिपळुणात किंवा रत्नागिरीत कर सल्लागार आहेत, त्यांना वर्षातून एकदा भेटा. रक्कम किती हप्त्यांत आणि शेवटचा हप्ता कधी, हे लिहून घ्या. आणि कुणी ‘मी लीगमध्ये बसवून देतो, थोडा खर्च करावा लागेल’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. संघ खेळाडूला पैसे देतो, खेळाडूकडून घेत नाही. चाचणीच्या नावाखाली शुल्क घेणारे, टी-शर्ट वाटणारे आणि मग फोन न उचलणारे आपल्या पट्ट्यात दर वर्षी येतात.

वजनाचं बघा. राष्ट्रीय स्पर्धेत वरिष्ठ पुरुष गटाला ८५ किलोची मर्यादा आहे. कोपऱ्याला अंगात भार लागतो, त्यामुळे पोरं ८६-८७ वर जातात आणि वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून लघवी होण्याच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहेत. नमुन्यात सापडलं की ‘मला माहीत नव्हतं’ याला अर्थ नसतो. जिममधल्या डब्यातली पावडरही तशीच, आत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरी मासे आहेत, अंडी आहेत, कुळीथ आहेत. मुंबईत गेल्यावर यातलं काय मिळणार, हा खरा प्रश्न.

कारण मुंबईत राहणार कुठे? कंपनीने सोय दिली नाही तर बहुतेक मुलं गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून ठेवलेल्या, खोलीत उतरतात. एका खोलीत पंधरा जणांच्या वळकट्या, कुणी रात्रपाळीहून सकाळी येतोय, कुणी पहाटेच्या पाळीला निघालाय. माणसं जिवाभावाची, पण तिथे झोप होत नाही. संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूची झोप गेली की तिसऱ्या महिन्यात पोटरी आणि मांडीचे स्नायू धरायला लागतात. मानधनातून भाड्याचा वाटा काढून दोघा-तिघांनी मिळून खोली घेता येते का बघा. माझ्या लेखी हा चैनीचा खर्च नाही.

आता चाचणी. तिथे पंचवीस-तीस कोपरे आलेले असतात आणि प्रत्येकाला दाखवायचं असतं की आपण किती पकडी करतो. तुमच्या मुलाला हे सांगा. समोरचा चढाईपटू बोनससाठी, म्हणजे एका जादा गुणासाठी, पाय टाकेल. समोर सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस मिळतो, आणि मागचा पाय हवेत असताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तरच. म्हणजे त्या एका क्षणी तो एका पायावर असतो. कोपऱ्याची संधी तीच. पण चलाख चढाईपटू आधी दोनदा नुसता खोटा पाय टाकतो, कोपरा झेप घेतो, आणि तो हात लावून निघून जातो. निवडणारे बघत असतात की हा मुलगा खोट्या पायाला हलतो का. झेप न घेता अर्धं पाऊल मागे सरकून पुन्हा जागेवर येणारा कोपरा त्यांना आवडतो, पकड एकही झाली नाही तरी. शेजारच्या मध्यरक्षकाशी तो बोलतो का, हेही बघतात. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक आलाच नाही, तर ती पकड एकट्याची होते आणि एकट्याची पकड मोठ्या चढाईपटूवर टिकत नाही. आपली पोरं अनोळखी मुलांत गप्प होतात. हिंदी मोडकी असली तरी चालेल, पण ओरडून बोलायला सांगा.

तिसऱ्या चढाईला काय करतो, हे सर्वात बारकाईने पाहतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तिथे घाई चढाईपटूला असते, कोपऱ्याला नसते. जो कोपरा ३० सेकंदांतले पहिले वीस सेकंद नुसता पाय हलवत घालवू शकतो, त्याचं नाव वहीत जातं.

निवड झाली तर करार घरी आणायचा, दोन दिवस मागून घ्यायचे. कुणी ‘आत्ताच सही, नाहीतर जागा गेली’ म्हणालं तर ती जागा बाकावरची आहे असं समजा. कागद इंग्रजीत असेल, ओळखीच्या वकिलाकडून प्रत्येक कलम मराठीत समजून घ्या आणि मुलाला शेजारी बसवा, सही त्याची आहे. त्या संघात उजव्या कोपऱ्यात पस्तिशीकडे झुकलेला गडी असेल आणि त्याच्या मागे कुणी तयार नसेल, तर कमी रकमेतही जा. पंचविशीतला पक्का उजवा कोपरा आधीच बसला असेल, तर नम्रपणे नाही म्हणा, कंपनीकडून वर्ष खेळा, जिल्ह्याकडून राज्य खेळा, पुढच्या वर्षी चाचण्या पुन्हा असतातच.

आणि चाचणीला निघताना कोरे बूट नेऊ नका. महिनाभर आधी घ्या, जवळपास जिथे मॅट आहे तिथे जाऊन घालून खेळू द्या. नखं कापलेली, आधार कार्ड, जन्मदाखला, विद्यापीठाचं पत्र आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. मूळ प्रती बरोबर असू द्या, पण त्या कुणाच्याही हातात सोडायच्या नाहीत.